घडी सुटते तेव्हा

आमच्या आष्ट्याहून मिरज तासाभराच्या वाटेवर. तिथे वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, तेव्हा तान्ह्या बाळाने दूध ओकणे ही आजीच्या अखत्यारीतली बाब होती. आजही बहुतेक बाळांचे ओकणे वर्षा-दीड वर्षात आपोआप थांबते. ज्या थोड्यांचे थांबत नाही, ज्यांचे वजन वाढत नाही किंवा छातीत पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो, त्यांच्यासाठीची शस्त्रक्रिया मात्र इस्तंबूलमध्ये, एका निर्वासिताच्या हातून, जवळजवळ अभावितपणे जन्मली.

रुडॉल्फ निस्सेन हे जर्मन ज्यू. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला. काही वर्षांनी इस्तंबूलला एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रणग्रस्त भाग काढताना, शिवण टिकावी एवढ्यासाठी त्यांनी जठराची घडी तिच्यावर लपेटली. पुढे कळले की त्या रुग्णाला जळजळ होत नाही. १९५५ मध्ये बाझेलला त्यांनी केवळ आम्ल रोखण्यासाठी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. (मधल्या काळात, १९४८ मध्ये, आइन्स्टाइन यांच्या पोटातली फुगलेली रोहिणी त्यांनीच सेलोफेनने वेढली होती. गुंडाळण्याचा हात बसलेला!)

वैद्यकाचे इतिहास सहसा इथे थांबतात. दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेला ना जनक, ना जन्मसाल. पण मुलांमध्ये ही घडी सैल पडते, घसरते, श्वासपटलाच्या फटीतून छातीत सरकते. मेंदूच्या विकाराने सतत उबळ येणाऱ्या आणि जन्मतःच तुटक असलेली अन्ननलिका जोडून घेतलेल्या मुलांत हे अधिक. दुसऱ्या वेळी जठर यकृताला चिकटलेले असते, आणि व्हेगस मज्जातंतू जपत ते सोडवावे लागते.

दोष मुलाच्या उबळीचा, असेच बरीच वर्षे मानले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने बोट पहिल्या शस्त्रक्रियेकडे वळवले. अन्ननलिका भोवतालच्या पडद्यांपासून पुष्कळ मोकळी केली, त्या गटात ३० टक्के मुलांची घडी छातीत सरकली. कमीत कमी सोडवली, तिथे ७.८ टक्के. पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती अनुक्रमे १८.४ आणि ३.३ टक्क्यांना. माझ्या मते या इतिहासातले हे पान निस्सेन यांच्या पानाइतकेच मोलाचे आहे.

म्हणूनच दुसऱ्या वेळी सर्जन बेरियमचा एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणी तर करवतोच, पण आईबापांकडे जुनी फाईलही मागतो: तेव्हा किती सोडवले होते, टाके कुठे घातले होते. डिस्चार्ज कार्डावर बहुधा शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख एवढेच असते.