परमुलुखीं पडलेला मेयोचा पुत्र



ज्युबिलीच्या आनंदांत आपण आपल्या मृतांस विसरत नाहीं. त्यांच्या आत्म्यांसाठीं मिस्सा अर्पण करूनच उत्सवास आरंभ करतों. या प्रसंगीं एका परदेशी धर्मबांधवाचें चरित्र आम्ही आपल्यापुढें ठेवीत आहों. ज्यांचीं मुलें पोटासाठीं दूरदेशीं गेलीं आहेत, त्यांस तें परकें वाटणार नाहीं.

आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो परगणा आहे. पवित्र मरियेच्या १८७९ सालच्या दर्शनानें प्रसिद्धीस आलेलें नॉक हें तीर्थस्थान याच परगण्यांत. १८४५ पासून बटाट्याचें पीक रोगानें बुडालें व घोर दुष्काळ पडला. १८४१ सालीं येथें ३ लक्ष ८८ हजारांवर वस्ती होती. १८५१ सालीं ती सुमारें २ लक्ष ७४ हजार उरली. कांहीं लोक उपासमारीनें व तापानें मेले, कांहीं जहाजांत बसून परदेशीं गेले. पुढें घर सोडून जाणें हें मेयोच्या तरुणांच्या नशिबींच आलें.

पॅट्रिक गॅलहर हा त्यांपैकींच एक. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं बॅलीहॉनिस गांवानजीक एका कॅथोलिक कुटुंबांत त्याचा जन्म झाला. १९६२ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, तो अमेरिकेस गेला व न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंड येथें राहूं लागला. पुढें तो अमेरिकेच्या मरीन दलांत दाखल होऊन व्हिएटनामच्या युद्धावर गेला. त्या देशाचा तो नागरिक नव्हता. परंतु तेथें कायम वास्तव्यास आलेल्या परदेशी तरुणांसही त्या काळीं सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू होता.

१८ जुलै १९६६ च्या पहांटे, अंधारांत, कॅम लो येथें तो तिघां सोबत्यांसह एका ठाण्यावर पहारा करीत होता. शत्रूनें हातबाँब फेंकला. गॅलहरनें तो लाथेनें दूर उडविला. लगेच दुसरा बाँब दोघां सोबत्यांच्या मध्यें येऊन पडला. तेव्हां गॅलहरनें आपलें शरीर त्यावर झोंकून दिलें. आणखी दोन बाँब आले. सोबती धांवत सुटले, पण हा जागचा हलला नाहीं. ते दोन्ही फुटले, तरी कोणास इजा झाली नाहीं. नंतर नायकाच्या हुकुमावरून त्यानें अंगाखालचा बाँब जवळच्या नदींत भिरकावला. पाण्यास लागतांच तो फुटला.

या कृत्याबद्दल त्यास नेव्ही क्रॉस हें मोठें शौर्यपदक मिळालें. साडेआठ महिन्यांनीं, ३० मार्च १९६७ रोजीं, दा नांगनजीक तो मारला गेला. वय अवघें २३ वर्षें. त्याचा देह मायभूमीस आणून बॅलीहॉनिस येथें पुरण्यांत आला.

पुढें पन्नास वर्षें लोटलीं. त्याच्या नांवाची स्मृति राहावी म्हणून आयरिश लोकांनीं नेटानें खटपट चालविली. २०१८ सालीं अमेरिकन आरमारानें एका विनाशिकेस त्याचें नांव देण्याचें जाहीर केलें व २०२४ सालीं त्याच्या बहिणींच्या हस्तें तिचा नामकरणविधि झाला.

तें युद्ध न्याय्य होतें कीं नव्हतें, याविषयीं विचारी लोकांत मतभेद आहेत. आम्हांस येथें सांगावयाचें तें एवढेंच: त्या पहांटे बाँब फुटला नाहीं, म्हणून गॅलहरचें आत्मदान उणें ठरत नाहीं. तीन सोबत्यांसाठीं त्यानें आपला जीव तेव्हांच देऊन टाकला होता. पदक मागाहून आलें, जहाज त्याहूनही मागाहून.

धर्मबांधवहो, आपल्या घरचींही कांहीं माणसें परक्या मातींत विसावलीं असतील. त्यांस ओळखणारे हयात आहेत तोंवर त्यांचीं नांवें लिहून ठेवा आणि येत्या मृतांच्या सणाच्या मिस्सेंत तीं मोठ्यानें वाचावयास द्या. प्रभु त्या सर्वांस चिरविश्रांति देवो.