जी पोथी रोज वाचली, ती उरत नाही



आपल्या देव्हाऱ्यातली रोजची पोथी आठवा. कोपरे दुमडलेले, पानांवर तेलाचे आणि कुंकवाचे डाग. कपाटातला न उघडलेला जाड ग्रंथ मात्र कोरा करकरीत असतो. शंभर वर्षांनी यातलं काय उरेल? न वाचलेलंच. जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांना हे गणित पक्कं ठाऊक असतं. आज आम्ही त्यातलीच एक गोष्ट सांगणार आहोत, ज्यू लोकांच्या हिब्रू पुस्तकांची.

हिब्रू ही ज्यूंची धर्मभाषा. छापलेल्या साल असलेल्या हिब्रू पुस्तकांत सगळ्यांत जुनी पुस्तकं इटलीत १४७५ साली निघाली. त्याच सुमारास तिथल्या मांतुआ शहरात अब्राहम कोनात यांचा छापखाना होता. त्यांची बायको एस्तेलिना तिथं काम करायची. एका छोट्या नीतिग्रंथाच्या शेवटी तिनं नवऱ्याच्या नावासोबत स्वतःचंही नाव घातलं आणि हे पुस्तक मी लिहिलं, असं नोंदवलं. छापण्यासाठी वेगळा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. हिब्रू पुस्तक छापणारी ही पहिली ज्ञात स्त्री.

अशी पुस्तकं आज इतकी दुर्मिळ का? काही जाळली गेली. १५५३ साली रोममध्ये तालमूद या धर्मग्रंथाच्या प्रती भर चौकात पेटवल्या गेल्या. देवाचं नाव असलेलं फाटकं पुस्तक टाकून द्यायचं नाही, जमिनीत पुरायचं, अशी ज्यूंची रीत. त्यात काही गेली. आणि बाकीची हाताळून हाताळून झिजली.

प्राग शहरात डेव्हिड ओपनहाइम नावाचे धर्मगुरू होते, जन्म १६६४ चा. त्यांनी आयुष्यभर पुस्तकं जमवली. प्रागमध्ये सरकारी तपासणीची भीती, म्हणून संग्रह दूर हॅनोव्हरला सासरी ठेवला. मालक एका गावी, पुस्तकं दुसऱ्या गावी!

पण त्यांचं मोठेपण वेगळंच. बहुतेक बायकांना हिब्रू शिकवत नसत. त्यांच्यासाठी यिद्दिश या घरच्या बोलीत प्रार्थना, कथा, गाणी यांची स्वस्त, पातळ पुस्तकं निघत. विद्वानांना ती किरकोळ वाटत. ओपनहाइमनी तीही जपली. त्यातल्या काहींची जगात आज तेवढी एकच प्रत आहे. १७३६ साली ते वारले. संग्रह पुढे हॅम्बुर्गला बरीच वर्षं खोक्यांत पडून राहिला. शेवटी १८२९ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानं तो ९,००० थालर या चांदीच्या नाण्यांत घेतला. खऱ्या मोलाच्या मानानं ते फारच थोडे होते.

ही गोष्ट आपल्या कोकणापर्यंतही येते. तिथले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. वल्हांडण सणाला जेवणाच्या पाटावर वाचायचं त्यांचं पुस्तक म्हणजे हग्गादा. ते मराठी अर्थासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापलं गेलं. पुण्याच्या प्रतीत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या साडीतल्या बायकांची चित्रं आहेत. आज संग्राहक अशा प्रती शोधत फिरतात.

मैत्रिणींनो, गटाची पहिली वही आम्ही परवा शोधली. ती रद्दीत गेली होती. पहिल्या दहा रुपयांची नोंद आणि पहिले अंगठे तिच्यात होते. किरकोळ म्हणून आम्हीच ती जपली नाही. तुमच्या ट्रंकेत आजीची ओव्यांची वही असेल, गटाचं जुनं रजिस्टर असेल, तर आजच स्वच्छ कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. आणि एस्तेलिनासारखं त्यावर नाव नक्की घाला.