नसूहने पेटवलेली पुस्तके

कोणती पुस्तके वाचावीत हे कोणी ठरवायचे? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा प्रश्न दोन्ही भाषांत माझ्या कानावर येतो. कोणी म्हणतो, कथा-कादंबऱ्यांत मुलांचा वेळ वाया जातो. कोणी म्हणतो, आधी मौलानासाहेबांना विचारा. कोणी पुरस्कार मिळालेली पुस्तकेच बरी समजतो. घर, सरकार आणि समाज या तिघांची मते दीडशे वर्षांपूर्वी एकाच उर्दू लेखकाच्या आयुष्यात एकत्र आली होती. ते लेखक म्हणजे डेप्युटी नझीर अहमद.

गरीब घरातला हा मुलगा दिल्लीत मशिदीत राहून शिकला आणि पुढे दिल्ली कॉलेजात गेला. शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, मग डेप्युटी कलेक्टर, अशी त्यांची नोकरी झाली. भारतीय दंड संहितेच्या उर्दू अनुवादात त्यांचा हात होता. १८६८ साली वायव्य प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, इंग्रज सरकारने देशी भाषांतील उपयुक्त पुस्तकांसाठी इनामे जाहीर केली. स्त्रियांना वाचता येतील अशी पुस्तके विशेष हवी होती. नझीर अहमद यांनी आपल्या मुलींसाठी लिहिलेली ‘मिरातुल उरूस’ १८६९ मध्ये आली. तिला एक हजार रुपयांचे इनाम मिळाले आणि सरकारने तिच्या दोन हजार प्रती घेतल्या. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही गोष्ट पुढे असंख्य मुस्लीम घरांत मुलींच्या हाती दिली गेली. शिफारशीने एवढे मोठे काम होऊ शकते, हे इथे मान्य केलेच पाहिजे.

१८७४ मध्ये त्यांची ‘तौबतुन्नसूह’ आली. दिल्लीत कॉलऱ्याची साथ आहे. नसूह आजारी पडतो, स्वप्नात त्याला आखिरतचा हिशोब दिसतो. बरा झाल्यावर तो सारे घर सुधारायला घेतो. बाकीची मुले हळूहळू वळतात. थोरला कलीम मात्र शायर आहे. बाप बोलावतो तर तो जात नाही आणि शेवटी घर सोडतो. मग नसूह त्याच्या खोलीत शिरतो. तिथे उर्दू-फारसी पुस्तकांनी भरलेले कपाट आहे. नसूह ती पुस्तके उघडून बघतो, त्याला त्यांत खोटेपणा आणि बेहयाई दिसते, आणि तो ती सगळी जाळून टाकतो. शेख सादीच्या ‘गुलिस्तां’मधल्या काही ओळीही त्याने बायकोला शिकवताना झाकल्या होत्या, असा उल्लेख त्याच प्रसंगात येतो.

कादंबरीकार नसूहच्या बाजूने आहे, यात शंका नाही. कलीमचा शेवट पश्चात्तापात आणि मृत्यूत होतो. याही पुस्तकाला सरकारी इनाम मिळाले. पण वाचकांनी काय उचलले? उर्दूच्या क्रमिक पुस्तकांत पिढ्यानपिढ्या जो उतारा येत राहिला, तो कलीम आणि मिर्झा जाहिरदार बेग यांचा. घर सोडून आलेल्या कलीमला हा बढाईखोर मित्र मशिदीत नेऊन ठेवतो आणि जेवणाऐवजी फुटाणे आणून त्यांचीच तारीफ करत बसतो. आजही हा धडा वाचताना वर्ग हसतो. नसूहची नसीहत बाजूला राहते आणि लोकांना फुटाणे आठवतात. इनाम देणाऱ्याला पुस्तक घरापर्यंत पोहोचवता येते, पण वाचकाने त्यातून काय घ्यायचे हे त्याला ठरवता येत नाही.

पुढची घटना अधिक गंभीर आहे. उतारवयात नझीर अहमद यांनी ‘उम्महातुल उम्मा’ लिहिले. पैगंबरसाहेबांच्या (स.) पत्नींवर एका ख्रिस्ती लेखकाने केलेल्या टीकेला ते उत्तर होते. हेतू बचावाचा होता. पण दिल्लीची रोजच्या बोलण्यातली भाषा त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. एवढ्या पूज्य स्त्रियांबद्दल ती भाषा वापरलेली लोकांना खपली नाही. गदारोळ झाला आणि नझीर अहमद हयात असतानाच त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. १९१२ मध्ये ते वारले. कुरआनचे उर्दू भाषांतर करणाऱ्या माणसाचे हे पुस्तक होते.

लोकांना राग येऊ नये, असे मी म्हणत नाही. आदराच्या जागी शब्द जपून वापरावेत, हे मलाही पटते. पण चुकीच्या शब्दांना उत्तर लिहिता येते. नसूहने आपल्या प्रौढ मुलाशी त्या पुस्तकांवर कधी चर्चा केली असती, तर तो घर सोडून गेला असता का? त्याला मुलाची काळजी होती, पण काळजीतून त्याने काडी पेटवली. तीच काडी पुढे त्याला निर्माण करणाऱ्या लेखकाच्या पुस्तकाला लागली, आणि पेटवणाऱ्यांनाही आपण भल्यासाठीच करतो आहोत असेच वाटत असणार.

म्हणून मत जरूर विचारावे. उस्तादांचे, आईवडिलांचे, ग्रंथपालांचे. आयुष्य थोडे आहे, वाट दाखवणारा हवाच. मत देणाऱ्याला दोन प्रश्न मात्र विचारावेत: हे पुस्तक तुम्ही वाचले आहे का? आणि वाचून माझे मत तुमच्याहून वेगळे झाले, तर ते तुम्ही ऐकून घ्याल का? दोन्हींना होकार मिळाला, तर त्या माणसाने नको म्हटलेल्या पुस्तकाबद्दलही त्याच्यापाशी बसून बोलावे. पहिल्यालाच नकार मिळाला, तर सलाम करून वाचनालयाची वाट धरावी.