माळेगावची जत्रा : देव, बाजार, आखाडा आणि गुत्ता

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे दर वर्षी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होणाऱ्या खंडोबाच्या जत्रेविषयी जे लिहिले जाते, त्यात देवाचे माहात्म्य आधी येते आणि घोड्यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, तमाशाच्या कनाती, खाण्यापिण्याची चैन हे सारे शेवटी, देवदर्शनाला जोडून आलेली करमणूक म्हणून उल्लेखिले जाते. हा क्रम जत्रेच्या इतिहासाला न्याय देणारा नाही. गावोगावचे गडी टोळ्याटोळ्यांनी या माळावर येत, ते नवस फेडण्याइतकेच जनावरे पाहण्यासाठी, आपल्या गावच्या पैलवानामागे उभे राहण्यासाठी आणि वर्षभर न भेटलेल्या सोबत्यांबरोबर चार दिवस मोकळेपणाने घालवण्यासाठी येत. आणि यांतील प्रत्येक गोष्टीवर वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या सत्तेने आपला हात ठेवला. देवाचा मान मानकऱ्यांकडे, बाजाराचा शब्द हेड्यांकडे, आखाड्याचा निर्णय पंचांकडे आणि मद्याचा हक्क सरकारकडे, अशी ही वाटणी समजून घेतली, तर एका मोठ्या जत्रेच्या द्वारे मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचा बराच भाग उलगडतो.

जत्रेची तिथी शेतीच्या वेळापत्रकाशी घट्ट बांधलेली आहे. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वेळ अमावास्या असते. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या शेजारील तालुक्यांत या दिवशी सारे घर रानात जाते, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा मांडली जाते आणि भज्जी, आंबील, उंडे असे खास जेवण आप्तेष्टांना व मित्रांना शेतातच बोलावून वाढले जाते. या सुमारास खरिपाचे धान्य घरात आलेले असते, कापसाचे पैसे हाती असतात, रब्बीची ज्वारी उभी असते आणि औताच्या बैलांना थोडी उसंत मिळालेली असते. हातात पैसा आणि दिवस मोकळे, असा योग शेतकऱ्याच्या वर्षात फार वेळा येत नाही. जेजुरीची चंपाषष्ठी आटोपल्यावर काही दिवसांनी भरणारी ही जत्रा नेमकी त्या योगावर उभी आहे.

देवही या बाजाराला शोभणारा आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘खंडोबा’ या ग्रंथात या दैवताच्या उपासनेची सविस्तर मांडणी केली, आणि पुढे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा हा स्थिर शेती करणाऱ्या गावांना आणि रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळांना जोडणारा देव कसा आहे, हे दाखवून दिले. त्याची पहिली पत्नी म्हाळसा ही लिंगायत वाण्याची मुलगी, तर दुसरी बाणाई ही धनगराची. त्याचे वाहन घोडा. पेठेतला वाणी, रानातला धनगर आणि घोडा, हे तिघेही माळेगावच्या माळावर प्रत्यक्षात भेटतात. पहिल्या दिवशी पालखी निघते, भोवतालच्या गावांचे मानकरी आपापल्या हक्काने तिच्याबरोबर चालतात, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात बेलभंडार उधळला जातो, आणि मग माळ उरलेल्या दिवसांसाठी लोकांच्या स्वाधीन होतो. वाघ्या-मुरळींचे जागरण हा या उपासनेचा गोड भाग. पण मुलींना देवाला वाहून मुरळी करण्याची चाल ही त्याच उपासनेची वेदनादायक बाजू होती, आणि महाराष्ट्रात २००५ च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्यापर्यंत तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले, हे विसरून जत्रेचे कौतुक करता येत नाही.

बाजाराची ख्याती घोड्यांची आहे, तरी त्याचा आवाका घोड्यांपुरता नाही. कंधार परिसराचे नाव मिरवणारी तांबड्या रंगाची लाल कंधारी आणि लातूरकडील काळीपांढरी देवणी, या मराठवाड्याच्या दोन मान्यताप्राप्त गोवंशांची जनावरे येथे दावणीला लागतात. दावण म्हणजे जनावरे ओळीने बांधण्याचा लांब दोर. त्यांच्या पलीकडे घोडे, उंट आणि गाढवे असतात. गाढवांचा बाजार पाहुण्यांना नवलाचा वाटतो, परंतु वडार, कुंभार, कैकाडी, बेलदार, परीट अशा समाजांची उपजीविकाच या जनावराच्या पाठीवर चालत आलेली होती, आणि काठेवाडी गाढव घ्यावे की गावरान, हा त्यांच्यासाठी शेतकऱ्याच्या बैलजोडीइतकाच गंभीर प्रश्न होता. विक्रीची रीत जुनी आहे. हेडी, म्हणजे जनावरांची खरेदी-विक्री व मध्यस्थी करणारा व्यापारी, हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकून त्याखाली समोरच्याची बोटे दाबतो आणि या स्पर्शाच्या अंकांत भाव ठरतो, त्यामुळे भोवती गर्दी असली तरी बोलणी दोघांतच राहतात. बैलाचे वय दातांवरून सांगितले जाते (दात न लावलेला तो ‘आदत’, मग दोनदाती, चारदाती, आणि सर्व दात आलेला ‘जुळलेला’), तर घोड्याची परीक्षा अंगावरील केसांच्या भोवऱ्यांवरून होते आणि अशुभ मानलेल्या भोवऱ्याला ‘खोड’ म्हणतात. अशा परीक्षेला एकटा माणूस कधी जात नसे. जाणता सोबती बरोबर घेण्याची पद्धत होती, आणि त्या सोबत्याचे मत हेच खरेदीचे विमापत्र असे.

निजामाच्या काळात या व्यवहारात आणखी एक गुंता होता. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे नाणे, हाली सिक्का, या मुलखात चाले, तर इंग्रजी अमलातील प्रदेशातून आलेला व्यापारी कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया, घेऊन येई. दोहोंच्या मूल्यांत फरक असल्याने सौदा ठरल्यावर ‘कोणत्या पैशात’ हा दुसरा सौदा करावा लागे. हैदराबाद-मनमाड रेल्वेमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेड लोहमार्गावर आले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी लातूरची पेठ जोडली गेली, परंतु माळेगाव या दोन्ही मार्गांच्या मधल्या प्रदेशात राहिले. तेथे पोचायचे ते बैलगाडीने, घोड्यावर किंवा पायी. या दुर्गमतेने बाजाराचे नुकसान न होता उलट त्याला आयुष्य मिळाले असे मानण्यास जागा आहे, कारण जेथे आगगाडी नव्हती तेथे घोड्याची आणि बैलाची गरज अधिक काळ टिकली.

आखाडा हे जत्रेचे दुसरे मोठे केंद्र होय. जत्रेतील कुस्तीच्या मैदानाला ‘फड’ किंवा ‘दंगल’ म्हणतात. हलगीच्या ठोक्यावर सुरुवात होते ती लहान पोरांच्या कुस्त्यांनी, ज्यांना रेवड्या, खोबरे किंवा नारळ असे बक्षीस असते. मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि संध्याकाळी, ऊन उतरताना, नामांकित मल्लांची शेवटची कुस्ती लागते. जुन्या पद्धतीत वेळेची मर्यादा नसे, प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, म्हणजे तो ‘चितपट’ झाला, तरच निकाल. अन्यथा पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत आणि त्यावर पुढे वर्षभर पारावर वाद चाले. जिंकलेल्या मल्लाला फेटा बांधला जाई, त्याच्या गावचे लोक त्याला खांद्यावर घेत, आणि प्रेक्षकांतून उत्स्फूर्त इनामे पडत. येथे पैलवान एकटा लढतो, पण हरते-जिंकते ते गाव. तालमीचा खुराक, दूध, बदाम हा खर्च बहुधा गावाच्या वर्गणीवर चाले, म्हणून त्याच्यावर आपला हक्क आहे असे प्रत्येकाला वाटे, आणि ते खोटेही नव्हते.

या मातीतून वर गेलेल्यांत हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हे मल्ल १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिनबर्ग येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले; पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडवल्या. लातूर जिल्ह्याचेच काका पवार यांना ग्रीको-रोमन कुस्तीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र केसरीची परंपराही मराठवाड्यातच, १९६१ साली औरंगाबादच्या अधिवेशनात सुरू झाली. तथापि बिराजदार आणि पवार या दोघांनाही मोठे होण्यासाठी मराठवाड्याबाहेर जावे लागले, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. जत्रेचा फड प्रतिभा हेरू शकत होता, पण मॅट, प्रशिक्षक आणि शास्त्रीय आहार पुरवणारी संस्था मराठवाड्यात वेळेवर उभी राहिली नाही, आणि ही उणीव जत्रेची नसून प्रदेशाच्या विकासाची आहे.

रात्र तमाशाची. येथे येणारे संच बहुतेक ढोलकी फडाचे, म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने नाट्य सादर करणारे मोठे फिरते संच असतात. कायम थिएटरात लावणी सादर करणाऱ्या ‘संगीत बारी’हून ते वेगळे. दसऱ्यानंतर बाहेर पडलेल्या फडांना वैशाखापर्यंत जत्रांचाच आधार असतो.

मद्याचा इतिहास मात्र अधिक थांबून पाहण्यासारखा आहे, कारण जत्रेच्या बाकीच्या अंगांवर लोकांची सत्ता चालत असताना या एका अंगावर राज्याने आरंभापासून पूर्ण ताबा ठेवला. हैदराबाद संस्थानात आबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर व त्यांचे नियंत्रण, हे उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते. १३१६ फसलीचा आबकारी कायदा त्याचा पाया होता; फसली हे महसुली वर्ष असून त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणून हा कायदा १९०६ च्या सुमाराचा ठरतो. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाला छेद देऊन काढलेला रस पहाटे गोड असतो आणि ऊन चढेल तसा आंबत जातो. ती शिंदी, ताडाची ताडी आणि मोहाच्या फुलांची दारू ही येथील सामान्य माणसाची पेये. झाड कोणाच्याही बांधावर असले तरी त्यातून रस काढण्यासाठी झाडागणिक सरकारला कर द्यावा लागे, आणि विक्रीचा हक्क लिलावाने ‘गुत्तेदारा’ला, म्हणजे ठेकेदाराला दिला जाई, त्यामुळे दारूच्या दुकानाला मराठीत ‘गुत्ता’ हे नाव पडले. जत्रेतून परतताना गड्यांनी गुत्त्यावर टेकणे, नवसाचा बकरा कापून ‘कंदुरी’चे सामुदायिक जेवण करणे, ही मौज होती, पण तिच्या प्रत्येक पेल्यातून निजामाचा खजिना भरत होता.

हे सत्य स्वातंत्र्य चळवळीने ओळखले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी लढा सुरू केल्यावर झेंडा सत्याग्रह व जंगल सत्याग्रहाबरोबरच शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रमही गावोगावी झाला. गांधीवादी कार्यकर्त्यांच्या दृष्टीने ती व्यसनमुक्ती होती, आणि त्याच वेळी राज्याच्या महसुलावर घातलेला तो सरळ घाव होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि तेथील १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये या भागालाही लागू करण्यात आला. बंदीच्या काळात हातभट्टी फोफावली. पुढे बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी परवानाधारक दुकानांची चौकट घालून दिली. रस्तोरस्ती दिसणारी ‘परमिट रूम’ ही त्याच दारूबंदी कायद्याची निर्मिती आहे, कारण कागदोपत्री तेथे बसून पिण्यासाठी पिणाऱ्याकडे सरकारी परवाना असणे अपेक्षित असते. झाडाखालचा गुत्ता जाऊन टेबलखुर्चीची बंद खोली आली, तसा मित्रांचा हा बैठकीचा भाग जत्रेच्या माळावरून हमरस्त्याकडे सरकला. यात घरातील स्त्रियांनी सोसलेले दुःख मात्र माळावरून हलले नाही. महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांनी ‘आडवी बाटली’ निवडून गावातील दुकान बंद करण्याची जी तरतूद महाराष्ट्राने केली, ती या दुःखाची उशिरा घेतलेली दखल आहे.

भटक्या-विमुक्त समाजांसाठी माळेगाव आणखी एका कारणाने महत्त्वाचे होते. वर्षभर पालं ठोकत फिरणाऱ्या कुटुंबांना एकत्र येण्याचे हे ठिकाण असल्याने सोयरिकी येथे जुळत आणि जातपंचायती येथेच बसत. पंचायतीने तंटे मिटवले, तसेच वाळीत टाकण्याच्या शिक्षाही दिल्या. २०१७ साली अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने अशा शिक्षा गुन्हा ठरवल्या. न्यायनिवाड्याचा अधिकार कायद्याकडे गेला हे योग्यच झाले, परंतु भेटीगाठीची जी गरज पंचायत भागवत होती ती तशीच आहे.

१९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि जत्रेच्या आयोजनाचा भार नांदेड जिल्हा परिषदेकडे आला. पशुप्रदर्शन, उत्तम जनावरांना बक्षिसे, कृषी प्रदर्शन, कुस्त्यांची अधिकृत दंगल, लावणी व लोककला महोत्सव अशी आखणी त्यातून झाली. लातूरमध्येही महाशिवरात्रीला भरणाऱ्या सिद्धेश्वर-रत्नेश्वर यात्रेत असेच प्रदर्शन आणि कुस्त्या असतात. तर नांदेड शहरात सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या होला-मोहल्ल्याला शस्त्रे व घोडी घेतलेल्या निहंग शिखांचा ‘हल्ला’ रस्त्यांतून धावतो, जेथे शीख, मराठा, मुसलमान असे सारे शहर दुतर्फा उभे असते. ट्रॅक्टरने बैलाची आणि मोटारसायकलने घोड्याची जागा घेतल्यानंतरही माळेगावला घोडे येतात. ते आता हौसेचे, वरातीचे आणि शर्यतीचे असतात, आणि त्यांच्या किमतीची चर्चा पूर्वी पैलवानाच्या डावांची होई तितक्याच तन्मयतेने होते. आखाड्यातही बदल येतो आहे. २०२३ साली सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी ठरली, आणि जेथे एके काळी स्त्रिया फडाच्या कडेलाही उभ्या राहत नसत, त्या जत्रांच्या मैदानांत आता मुलींच्या कुस्त्या लावल्या जाऊ लागल्या आहेत.