भारत-नेपाळ सीमा : मोकळी हद्द, आतले नाके

भारत आणि नेपाळ यांच्यातील सुमारे 1,750 किलोमीटरची सीमा 1816च्या सुगौली करारातून आकाराला आली. 1857च्या उठावात इंग्रजांना केलेल्या मदतीबद्दल पश्चिम तराईचा काही मुलूख 1860मध्ये नेपाळला परत मिळाला आणि आजची हद्द जवळपास पक्की झाली. हद्दीवर दगडी खांब उभे राहिले. त्यांच्या दोन्ही अंगांना मोकळ्या सोडलेल्या पट्टीला तिथले लोक दसगजा म्हणतात.

या खांबांपाशी माणसांना अडवण्यात कोणालाच रस नव्हता. इंग्रजांना पलटणींसाठी गोरखे हवे होते, तर नेपाळच्या राणा सत्ताधाऱ्यांना तराईतले जंगल तोडून शेती करणारी कुळे. उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवेही याच तराईत शिरले.

तपासणी होती, पण ती आत, काठमांडूच्या वाटेवर. खोऱ्यात जाणाऱ्या भारतीयाला राहदानी नावाचा परवाना काढावा लागे आणि चिसापानी गढीच्या चौकीवर तो दाखवावा लागे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना तेवढी मोकळीक मिळे. तराई खुली आणि राजधानी बंद, अशी ही राणांची सोयीची व्यवस्था होती. 1951मध्ये त्यांची सत्ता गेली, 1956मध्ये काठमांडूला जोडणारा त्रिभुवन राजपथ हा रस्ता झाला आणि राहदानी मागे पडली.

31 जुलै 1950च्या मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीत राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची आणि फिरण्याची समान मुभा दिली. सीमा कशी ओलांडायची, याबद्दल मात्र करार गप्प आहे. तिथे रिवाजच कायदा ठरला.

डिसेंबर 1999मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानाचे अपहरण झाले आणि तपासणी विमानतळावर आली. पुढच्याच वर्षापासून विमान प्रवाशांना छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालते ते फक्त 15 वर्षांखालील आणि 65 वर्षांवरील प्रवाशांना, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.

जमिनीवरची सीमा 2001पासून, आज सशस्त्र सीमा बल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दलाकडे आहे. जवान सामान पाहतात, संशय आल्यास ओळख विचारतात. रोज पलीकडे शेतावर किंवा बाजाराला जाणाऱ्याची नोंद सहसा होत नाही. तिसऱ्या देशाच्या नागरिकांना मात्र सुनौली, रक्सौल अशा ठरलेल्या नाक्यांवरूनच, शिक्का घेऊन जावे लागते. मार्च 2020मध्ये कोविडमुळे हे नाके दोन्ही देशांच्या नागरिकांनाही बंद झाले, ते पुढे टप्प्याटप्प्याने उघडले.