एक गोळी, तांबडी पेशी आणि ऑक्सिजन

भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत हिवताप हा घरोघरी ठाऊक असलेला आजार. १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी जंगल तेच आणि डासही तेच. आरोग्यसेवक बोटातून रक्ताचा थेंब घेतो. व्हायवॅक्स जातीचा परजीवी आढळला तर क्लोरोक्विन आणि पुढे १४ दिवस प्रायमाक्विन दिले जाते. यकृतात दडून बसलेल्या परजीवींना मारणारे हे औषध. परंतु काही थोड्या लोकांना ते सोसत नाही. लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, रक्त झपाट्याने कमी होते. जी गोळी एकाला तारते, ती दुसऱ्याच्या जिवावर का उठते?

याचे उत्तर फार दूर, एका तुरुंगात सापडले. १९४४ पासून अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग होऊ लागले. कैद्यांनी संमती दिली होती. पण गजाआडच्या माणसाची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न उरतोच. प्रायमाक्विनने काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या तांबड्या पेशी फुटत. १९५४ मध्ये डर्न, आल्व्हिंग व सहकाऱ्यांनी अशा पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या औषध सोसणाऱ्या माणसाच्या शरीरात सोडल्या. औषध देताच त्या तेथेही फुटल्या. उलट, त्याच्या पेशी या कैद्यांच्या शरीरात शाबूत राहिल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये कार्सन व सहकाऱ्यांनी तो नेमका दाखवला : जी-६-पीडी या विकराची कमतरता.

या विकराचे काम काय? तांबडी पेशी ऑक्सिजन वाहते. ते करताना थोडा ऑक्सिजन एक इलेक्ट्रॉन जादा घेतो आणि सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक तयार होते. त्याला निकामी करणारे विकर मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड बनते; त्याची वासलात लावण्यात ग्लुटाथायोनचा मोठा वाटा असतो. वापरलेले ग्लुटाथायोन पुन्हा ताजे करण्याची सोय जी-६-पीडीमुळे होते. प्रायमाक्विनपासून शरीरात बनणारी द्रव्ये हा भार एकदम वाढवतात. विकर तोकडे असेल, तर हीमोग्लोबिनच्या गुठळ्या होतात, आवरण दुबळे होते आणि पेशी फुटते.

हे वैगुण्य एक्स गुणसूत्रातून येते, म्हणून त्याचा त्रास पुरुषांत अधिक. हिवतापाच्या प्रदेशांत ते जास्त आढळते, कारण ते हिवतापापासून काहीसे संरक्षण देत असावे. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांतही ते आहे. म्हणजे जेथे गोळीची गरज मोठी, तेथेच ती जपून देण्याचीही गरज आहे. म्हणून गोळीला भिऊन ती फेकून देणे हा उपाय नव्हे. शक्य तेथे आधी तपासणी करावी; काळपट लघवी दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठावा. एवढे आठवीच्या मुलालाही घरी सांगता येईल.

वर्गात कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकून पाहा. फेस येतो. बटाट्यातील कॅटॅलेज हे विकर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते. तेच विकर आपल्या तांबड्या पेशीतही असते. ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, त्याच्यापासूनच पेशीला अहोरात्र स्वतःचे रक्षण करावे लागते, हे त्या फेसावरून मुलांना सहज पटवता येते, असे आम्हाला वाटते.