आयआयटीचा तास, तालुक्याचे महाविद्यालय

जळगाव जामोद : सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्याच्या गावी रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नांदुरा किंवा शेगाव गाठावे लागते. अशा ठिकाणच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मुंबई वा चेन्नईच्या नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकायला मिळणे ही एकेकाळी कल्पनेतील गोष्ट होती. ऑनलाइन पाठ आणि वर्गातील शिकवणी यांची सांगड घालणाऱ्या मिश्र अध्यापन पद्धतीने ती शक्य केली आहे. मात्र हा लाभ आपोआप पदरात पडत नाही.

सुरुवात कशी झाली?
सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये केंद्र सरकारच्या अर्थसाह्याने 'एनपीटीईएल' हा उपक्रम हाती घेतला. अभियांत्रिकी व मूलभूत विज्ञानाची व्याख्याने त्यातून सर्वांना विनामूल्य खुली झाली. २०१४ पासून प्रमाणपत्र परीक्षाही सुरू झाल्या. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम' हे राष्ट्रीय व्यासपीठ आले. त्याच वेळी इंटरनेटची सोय नसलेल्यांसाठी 'स्वयंप्रभा'च्या ३२ शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्यांचाही प्रारंभ झाला.

पाठात काय असते?
'स्वयम'च्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफीत, वाचन साहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. 'एनपीटीईएल'चे अभ्यासक्रम साधारणपणे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. शिकणे विनामूल्य असले, तरी परीक्षेला शुल्क पडते. गुणांपैकी २५ टक्के स्वाध्यायांना, तर ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेला असतात. त्यामुळे घरबसल्या प्रमाणपत्र मिळते, हा समज चुकीचा आहे.

प्रयोगाचे काय?
विज्ञान शाखेचा खरा प्रश्न प्रयोगशाळेचा असतो. त्यासाठी २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून 'व्हर्च्युअल लॅब्ज' उभ्या राहिल्या. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात आयआयटी मुंबई व पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय) यांचाही सहभाग आहे. उद्दिष्ट, सिद्धान्त, पूर्वचाचणी, कृती, संगणकावरील प्रयोग व उत्तरचाचणी या क्रमाने विद्यार्थी पुढे जातो. चूक झाली तरी उपकरण बिघडत नाही आणि प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो. परंतु तार जोडताना हाताला येणारे वळण किंवा ब्युरेटचा थेंब नेमक्या क्षणी थांबवण्याचे कसब पडद्यावर येत नाही. म्हणूनच आभासी प्रयोग ही प्रत्यक्ष प्रयोगाची पूर्वतयारी ठरावी. तो त्याचा पर्याय ठरू नये.

भाषेचा अडसर
मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी व्याख्याने जड जातात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. पाठ ऐकत शेजारीच सॉफ्टवेअरवर सराव करायचा, ही त्याची रीत. पाठ आधी उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही काम भागते. पाठांसाठी निवडलेली सॉफ्टवेअर प्रामुख्याने मुक्त असल्याने महागडे परवाने घ्यावे लागत नाहीत.

नियम काय सांगतो?
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून पूर्ण करता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. मात्र हे श्रेयांक गुणपत्रिकेत यायचे, तर विद्यापीठाच्या विद्या परिषदेची मान्यता हवी. बुलडाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याने नोंदणीपूर्वीच आपला विषय मान्य आहे का, याची खात्री करून घेणे हिताचे.

२०१६ च्या नियमांत आणखी एक महत्त्वाची तरतूद होती. महाविद्यालयाने संगणक व प्रयोगशाळा उपलब्ध करून द्यावी, तसेच मार्गदर्शनासाठी आणि प्रात्यक्षिकांसाठी एका अध्यापकाची समन्वयक म्हणून नेमणूक करावी, असे त्यात म्हटले होते. मिश्र अध्यापनाचे मर्म येथेच आहे. चित्रफीत पाहून झाल्यावर अडलेले उदाहरण सोडवून देणारे कोणी वर्गात नसेल, तर उत्तमातले उत्तम व्याख्यानही केवळ पाहिले जाते, शिकले जात नाही. ऑनलाइन पाठ शिक्षकाचा भार हलका करू शकतो. त्याची जागा रिकामी ठेवण्याचे निमित्त मात्र तो होता कामा नये.